पाच झाऱ्यांतून आलेली गोळी

पांढरी भिंत पिवळी दिसू शकते का? चष्मा पिवळा नाही, दिवा पिवळा नाही, ऊन खिडकीच्या बाहेरच आहे, आणि तरीही एक शहाणासुरता माणूस शांतपणे सांगतो की समोरच्या भिंतीला कुणीतरी हळद फासलीय. तुम्ही काय म्हणाल? मी म्हटलं, आजोबा, माझी फिरकी घेऊ नका.

पण ती फिरकी नव्हती. गेल्या वर्षीच्या, म्हणजे मे २०५१ मधल्या एका शनिवारची ही सकाळ. मी केतकी हेरवाडे, तेव्हा सहावी संपवून सातवीत जाणार होते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरात सगळे म्हणतात आणि ते खरं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. माझी आई रेश्मा आजऱ्याच्या दिलासा हृदयालयात परिचारिका आहे. बाबा नोकरीसाठी बेळगावला असतात, त्यामुळे सुट्टीत आई सकाळच्या पाळीला निघाली की मीही तिच्याबरोबर. वॉर्डात गडबड करायची नाही या अटीवर मला परवानगी होती आणि माझी जागा ठरलेली होती. नऊ नंबरच्या खाटेशेजारची खुर्ची.

नऊ नंबरला शशिकांत नेर्लेकर आजोबा होते. त्यांनी चाळीस वर्षं एकच काम केलं. विमानाला अपघात झाला की तो का झाला, हे शोधून काढायचं. आता वय अठ्ठ्याहत्तर, हृदय थकलेलं, पायांवर सूज. पण मी नेलेली कोडी ते चहा गार व्हायच्या आत सोडवायचे. त्या शनिवारी मात्र चहा तसाच पडला होता. मळमळतंय म्हणाले. मग भिंतीचं सांगितलं आणि वरच्या दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय असंही सांगितलं.

मी हसत हसत आईला सांगायला गेले. आई हसली नाही. ती धावत आली, आजोबांच्या छातीवर चिकटवलेल्या बोटभर पट्टीचा आकडा तिने बघितला (ही पट्टी हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजते) आणि तिचा चेहराच उतरला. आकडा होता एक्केचाळीस. एरवी तो सत्तरच्या आसपास असायचा. दोन मिनिटांत डॉक्टर आले, खाटेभोवती पडदा ओढला गेला आणि मला बाहेर बसवलं.

दुपारी भिंतीचं कोडं सुटलं. आजोबांना डिगॉक्सिन नावाची गोळी चालू होती. ही फार जुनी गोळी. थकलेल्या हृदयाचा ठोका ती जोरकस करते आणि घाईघाईने पडणाऱ्या ठोक्यांना आवर घालते. पण तिची एक खोड आहे. जेवढी घेतली की गुण येतो आणि जेवढी घेतली की बाधते, या दोन मात्रांमध्ये (मात्रा म्हणजे एका वेळी घ्यायचं औषधाचं माप) अंतर फार थोडं आहे. आमटीत मीठ जरा जास्त पडलं तर आपण पाणी घालून खातो, इथे तशी सोय नाही. त्यातून म्हातारपणी मूत्रपिंडं (रक्त गाळून नको असलेलं लघवीवाटे बाहेर टाकणारे दोन अवयव) मंदावतात. कालची गोळी बाहेर पडली नाही तोवर आजची आत येते आणि अंगात साठा वाढत जातो. साठा फार झाला की मळमळतं, नाडी मंदावते आणि काही जणांना सगळं पिवळं दिसायला लागतं.

पण मग दुसरं कोडं उभं राहिलं. अंगात साठा वाढला कसा?

डॉ. उमराणी म्हणाले की मूत्रपिंडांचा रिपोर्ट बघून सोमवारीच त्यांनी गोळी कमी केली होती. आधी अर्धी होती, ती पाव केली. नोंदीत मात्र लिहिलं होतं, पाऊण. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा चार सकाळी आजोबांना पाऊण गोळी गेली होती. कमी व्हायची ती वाढली होती. आणि चारही दिवस ती माझ्या आईच्या हातून गेली होती.

आजोबांची गोळी लगेच बंद केली, उतारा दिला (विषाचा जोर मोडणारं औषध) आणि रविवारपर्यंत त्यांची नाडी ताळ्यावर आली. पण आईच्या हातात शनिवारीच एक पत्र पडलं. शुक्रवारी चौकशी. तोवर औषधांना हात लावायचा नाही, फक्त कागदपत्रं आणि चादरी मोजायचं काम. पत्रासोबत एक फॉर्म होता आणि त्यात एक रिकामी चौकट. 'चुकीस जबाबदार व्यक्तीचे नाव.' त्या चौकटीत आईचं नाव लिहिलं गेलं असतं तर दोन वर्षं तिला कुठल्याच दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करता आलं नसतं.

मला वाटलं आई भांडेल. ती भांडली नाही. घरी येऊन ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझीच आहे, केतकी. आता कुणाच्या हातावर गोळी ठेवायची माझी हिंमत नाही." सोळा वर्षं तिने हे काम केलं होतं. रविवारी तिने राजीनामा लिहायला घेतला. मी तो कागद फाडला. तिने दुसरा घेतला.

सोमवारी मी नऊ नंबरपाशी गेले, पण वाटेत दोनदा मागे फिरले. ज्यांना आमच्यामुळे एवढं सोसावं लागलं ते आमच्याशी बोलतील तरी का? मी खुर्चीत बसले आणि मला रडूच फुटलं. आजोबांनी मला पुरतं रडू दिलं. मग विचारलं की शुक्रवारला किती दिवस आहेत. मी म्हटलं, चार. ते म्हणाले, पुष्कळ झाले.

आता ठकीची ओळख करून द्यायला हवी, कारण ती तेव्हा तिथेच उभी होती. ठकी म्हणजे आमच्या वॉर्डातली रोबो. कंपनीने तिला 'सहायक-सात' असं रुक्ष नाव दिलंय, पण जुन्या लाकडी बाहुलीसारखं गोल तोंड आणि ठोकळ्यासारखं अंग बघून सिस्टर लोकांनी तिची ठकी केली. डॉक्टरांच्या राउंडमध्ये (डॉक्टर एकेका पेशंटला बघत फिरतात त्या फेरीत) ती मागे मागे फिरते, डॉक्टर बोलतील ते ऐकते आणि नोंदवहीत उतरवते. औषधांच्या वाट्याही तीच आणते.

मला एकदम सुचलं. पाऊण कुणी लिहिलं? ठकीने. मग चौकटीत ठकीचं नाव लिहा की! तिला ना घर, ना पोरंबाळं. मी ठकीकडे बोट दाखवून तिला नाही नाही ते बोलले. ठकीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की जे ऐकू आलं ते तिने लिहिलं, आणि ऐकल्याची खात्री शंभरात अठ्ठावन्न होती.

अठ्ठावन्न! मग विचारलं का नाहीस, असं मी ओरडलेच.

"राउंडमध्ये डॉक्टरांना मध्येच अडवायचं नाही, असं मला शिकवलं आहे," ठकी म्हणाली. "म्हणून मी रेश्मा सिस्टरना सूचना पाठवली. त्यांनी 'बरं' हे बटण दाबलं."

माझं बोट खाली आलं. आजोबांनी मात्र खाटेवर बसल्या बसल्या डोळे बारीक केले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

त्यांच्या तरुणपणी एक छोटं विमान उतरताना कोसळलं होतं. तेलाच्या नळीची एक तोटी उलटी बसवलेली सापडली. ती बसवणारा कारागीर सापडला, त्याने कबूलही केलं. अहवालात त्याचं नाव गेलं, नोकरी गेली, फाइल बंद झाली. त्या अहवालावर सही नेर्लेकर आजोबांची होती. आठ महिन्यांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कारागिराने, अगदी तीच तोटी तशीच उलटी बसवली. त्या विमानात अकरा माणसं होती.

"तोटी दोन्ही बाजूंनी बसत होती, केतकी," आजोबा म्हणाले. "तिचा आकार बदलायला हवा होता. मी माणूस बदलला. नाव सापडलं की आपल्याला वाटतं उत्तर सापडलं, आणि शोध तिथेच थांबतो."

मग त्यांनी बजावलं की या वेळी चौकटीत आईचं नाव लिहायचं नाही, ठकीचंही नाही आणि डॉक्टरांचंही नाही. कुणी केलं हा प्रश्न बाजूला ठेवायचा. चूक निघाली कुठून आणि वाटेत तिला कुणी अडवलं का नाही, हे चार दिवसांत शोधायचं. मी वही काढली.

पहिलं काम आवाजाचं. पेशंटला आपल्या उपचारांची नोंद ऐकायचा हक्क असतो, म्हणून आजोबांनी ठकीला आदल्या सोमवारच्या राउंडचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. डॉ. उमराणी दाराकडे निघालेले, तोंडावर मास्क, बाहेरून चहाची गाडी खडखडत येतेय. आणि डॉक्टर म्हणतात, गोळी पाऊण, पाणी कमी. मी दहा वेळा ऐकलं. दहाही वेळा पाऊण. म्हणजे डॉक्टर खोटं बोलतायत! माझ्या नाकाचा शेंडा गरम झाला.

आजोबा म्हणाले, चहाच्या गाडीचा आवाज पुसून परत लाव. ठकीने लावलं, सावकाश. आता ऐकू आलं ते असं होतं. गोळी पाव न् पाणी कमी.

तुम्हीच एकदा भरभर म्हणून बघा. आपण बोलताना 'आणि' असं पुरतं कुठे म्हणतो? मी न् आई, चहा न् पोहे. तसंच डॉक्टर म्हणाले, पाव न् पाणी कमी. तो चिमुकला न् आपल्या जागेवरून सरकून पावच्या मागे चिकटला आणि पावचं पाऊण झालं. एका अक्षराने गोळी तिप्पट झाली. आणि हे फक्त मराठीतच होऊ शकतं, कारण दुसऱ्या भाषांत ना हे पाव, ना हा न्.

आजोबांना तेवढ्याने समाधान नव्हतं. आपण दोघांनी ऐकलं म्हणजे सिद्ध झालं का, असं ते म्हणाले. मग मी वीस माणसं गाठली. कॅन्टीनच्या मावशी, माळीकाका, भेटायला आलेली मंडळी. कुणालाही काहीही न सांगता पहिलं, खडखडाटाचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि ऐकू आलं ते लिहून घेतलं. अकरा जणांनी लिहिलं पाऊण, आठ जणांनी पाव. एका काकूंना 'पाहुणा, पाणी कमी' ऐकू आलं आणि त्या मला विचारत बसल्या की पाहुण्याला पाणी कमी का द्यायचं.

मंगळवारी दुसरं काम, बटणाचं. आईने 'बरं' का दाबलं असेल? तिला विचारलं तर ती खाली मान घालून एवढंच म्हणाली की आठवत नाही. आजोबांनी मला ठकीच्या मागे लावून दिलं. सकाळी आठ ते बारा, ठकी किती वेळा 'टिंग' करते ते मोजायचं. मोजता मोजता माझं डोकं भणभणलं. एकशे त्र्याहत्तर वेळा! सलाइन संपत आलं, टिंग. खिडकी उघडी आहे, टिंग. उशीची खोळ बदला, टिंग. खरोखर जिवाशी गाठ असलेल्या सूचना त्यात दोनच होत्या, आणि त्यांचाही आवाज खोळीच्या सूचनेसारखाच होता. सतत टिंगटिंग ऐकणाऱ्या माणसाचा कान ती ऐकेनासा होतो. आजोबा याला इशारा-शीण म्हणाले (इशारे फार झाले की मेंदू थकून सगळ्यांनाच सारखं समजायला लागतो). रोज कर्कश भुंकणाऱ्या कुत्र्याकडे आपण शेवटी वळूनही बघत नाही, त्यातलाच हा प्रकार. आईने एक बटण निष्काळजीपणाने दाबलं नव्हतं. त्या सकाळी दाबायला लागलेल्या पावणेदोनशे बटणांतलं ते एक होतं.

बुधवारी औषधांच्या खोलीत गेले. तिथल्या तौफिककाकांनी पाऊण बघून गोळीचे चार तुकडे केले होते आणि तीन वाटीत ठेवले होते. तरण्या माणसाला एवढी मात्रा चालते, त्यामुळे त्यांना खटकलं नाही. पेशंटचं वय आणि मूत्रपिंडांचा रिपोर्ट संगणकाच्या दुसऱ्या पडद्यावर असतो आणि तो पडदा त्यांच्या खोलीत नाहीच. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारपासून आपल्याला जेवण गोड लागत नाही म्हणाले.

मी परत येऊन वहीत चार नावं लिहिली आणि आजोबांना दाखवली. डॉक्टरांचं पुटपुटणं, ठकीचं न विचारणं, आईचं बटण, तौफिककाकांचा पडदा. आजोबांनी वही घेतली आणि खाली पाचवं लिहिलं, स्वतःचं. मला कळेना. ते म्हणाले की आदल्या आठवड्यात मंगळवारी वाटीत अर्ध्या गोळीऐवजी तीन तुकडे आले तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं. पण डॉक्टरांनी वाढवली असेल, आपण कशाला विचारायचं, असं म्हणून त्यांनी ती मुकाट्याने गिळली.

"चाळीस वर्षं जगाला प्रश्न विचारले," ते म्हणाले, "आणि स्वतःच्या तोंडात गोळी टाकताना भीड पडली. मला स्वतःचाच राग आलाय."

मग त्यांनी मला कॅन्टीनमधून पाच झारे आणायला पिटाळलं. तळायचे झारे, भोकाभोकांचे. मावशींनी कुरकुरत दिले. आजोबांनी एक झारा विजेरीसमोर धरला. भिंतीवर उजेडाचे ठिपके पडले. त्यावर दुसरा ठेवला, ठिपके कमी झाले. तिसरा, चौथा, पाचवा. भिंत काळोखी झाली. एकेक झारा म्हणजे चूक अडवायची एकेक जागा, ते म्हणाले. डॉक्टर, ठकी, सिस्टर, औषधांची खोली, पेशंट. भोकं प्रत्येकाला असतात, कारण माणूस थकतो, यंत्र चुकीचं ऐकतं. पण एकाचं भोक दुसऱ्याच्या पत्र्याआड जातं, म्हणून बहुतेक चुका वाटेतच अडतात. मग त्यांनी मला झारे हळूहळू फिरवायला सांगितले. मी फिरवत गेले आणि एकदम भिंतीवर एक ठिपका उमटला. पाचही भोकं एका ओळीत आली होती.

चार सकाळी आजोबांच्या तोंडात गेलेली गोळी तिथूनच आली होती. आणि मला हेही कळलं की चौकटीत आईचं नाव लिहिलं तर काय होईल. एक झारा बाजूला होईल, त्याच्या जागी तशाच भोकांचा दुसरा येईल, आणि पुढच्या नऊ नंबरच्या माणसाला परत भिंत पिवळी दिसेल.

त्याच दिवशी आजोबांनी डॉ. उमराणींना बोलावून एक विनंती केली. कागदावर सहा ओळी होत्या, काहींत पाव न्, काहींत पाऊण. राउंडमध्ये बोलता तशाच, दाराकडे चालत, मास्क लावून वाचा म्हणाले. शनिवारपासून डॉक्टर आजोबांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी मुकाट्याने वाचल्या. ठकीने रेकॉर्ड केल्या, कागद पाकिटात घालून बंद केला.

शुक्रवारी अकरा वाजता बैठक सुरू झाली. टेबलाच्या टोकाला अधीक्षक डॉ. मुतालिक मॅडम, शेजारी समितीची चार माणसं. एका बाजूला डॉ. उमराणी आणि तौफिककाका. आई भिंतीशी उभी होती आणि तिच्या पर्समध्ये राजीनामा होता, हे मला माहीत होतं. पेशंट म्हणून आजोबा चाकाच्या खुर्चीत आले आणि मदतनीस म्हणून मी. मॅडमनी मला बघून भुवया उंचावल्या, पण हाकललं नाही.

आजोबांनी वहीतलं सगळं क्रमाने सांगितलं. वीस माणसं, एकशे त्र्याहत्तर टिंग, दुसरा पडदा. समितीतले एक गृहस्थ वैतागून म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण शेवटी नीट लक्ष देऊन ऐकायला काय हरकत होती? आजोबा बहुधा याचीच वाट बघत होते. त्यांनी डॉ. उमराणींपुढे एक कोरा कागद ठेवला. बुधवारी तुम्हीच बोललेल्या सहा ओळी ठकी लावेल, ऐकू येईल ते लिहा. डॉक्टर जरा हसले. स्वतःचाच आवाज, त्यात काय एवढं?

ठकीने एकेक ओळ लावली. खोलीत सगळे कान देऊन ऐकत होते. डॉक्टरांनी सहा शब्द लिहिले. मॅडमनी पाकीट फोडलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सहातल्या दोन ओळी चुकल्या होत्या. दोन्ही वेळा पावचं पाऊण झालं होतं.

डॉ. उमराणींनी दोन्ही कागद पुन्हा ताडून बघितले. मग उठून उभे राहिले.

"माझं बोलणं मलाच बरोबर ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "मग ते दुसऱ्या कुणी कसं ऐकायचं होतं?"

तेवढ्यात आई पुढे आली. मला वाटलं आता तरी ती गप्प बसेल, पण ती माझी आई आहे. तिने सांगितलं की बटण आपणच दाबलं, ते लिहा, लपवू नका. त्यावर आजोबा म्हणाले की मग मी तीन तुकडे बघून गप्प बसलो तेही लिहा. तौफिककाकांनी हात वर केला. ठकीने मागून सांगितलं की आपली खात्री शंभरात अठ्ठावन्न होती, तेही लिहा. मॅडमनी फॉर्म हातात धरला, त्या चौकटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाच नावं या चौकटीत मावत नाहीत." त्यांनी चौकटीवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'चूक कुठून कुठून निसटली?' आणि दुसरा कोरा कागद जोडला, कारण उत्तराला जागा लागणार होती.

मग त्यांनी दार उघडून बाहेर ताटकळलेल्या सगळ्या सिस्टरना आत बोलावलं आणि विचारलं की असं पाव-पाऊण आणखी कुणाच्या बाबतीत झालंय का. कुणाला शिक्षा होणार नाही, हे लेखी देते म्हणाल्या. सिस्टर एकमेकींकडे बघू लागल्या. मग एक हात वर आला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा. एकूण सात हात. सात वेळा अशीच चूक थोडक्यात वाटेत अडली होती, आणि भीतीपोटी सात जणींनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एकीने जरी आधी सांगितलं असतं तर आजोबांची भिंत पांढरीच राहिली असती. आई खाली बसून रडली. मीही रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलले. औषधांच्या बाबतीत पाव आणि पाऊण हे शब्दच बंद. म्हणायचं चारातला एक, चारातले तीन. सांगणाऱ्याने सांगायचं, ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं, आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय नोंद करायची नाही. याला परतबोल म्हणतात, आणि विमानं उडवणारे वैमानिक आकाशात गेली शंभरएक वर्षं हेच करतात. ठकीला डॉक्टरांना अडवायची मुभा मिळाली. तिचे टिंग एकशे त्र्याहत्तरावरून एकोणीसवर आले आणि जिवाशी गाठ असलेल्या सूचनेला वेगळा आवाज मिळाला. तौफिककाकांच्या खोलीत दुसरा पडदा बसला.

पण आई काही औषधांच्या वाटीकडे फिरकेना. चौकशी संपली, बंदी उठली, तरी ती चादरीच मोजत राहिली. हिंमत होत नाही म्हणायची. राजीनामा अजून पर्समध्येच होता.

पुढच्या गुरुवारी आजोबांच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि गोळी परत सुरू करायचं ठरलं. आजोबांनी हट्ट धरला. गोळी रेश्मा सिस्टर देतील, नाहीतर मी घेणार नाही. आईला बोलावून आणलं. डॉ. उमराणींना शस्त्रक्रियेची घाई होती. त्यांनी दारातूनच मात्रा सांगितली आणि पाऊल बाहेर टाकलं.

आई कधी डॉक्टरांना अडवून बोललेली मी बघितली नव्हती. तिने वाटी खाली ठेवली.

"थांबा डॉक्टर," ती म्हणाली. "परत सांगा."

डॉक्टर थांबले. आत आले, मास्क खाली केला. चारातला एक, म्हणाले. आईने परत म्हटलं, चारातला एक. डॉक्टर म्हणाले, बरोबर. मग आजोबांनी वाटीत डोकावून एकच तुकडा आहे ना ते स्वतः बघितलं आणि तळहात पुढे केला. आईने त्यावर गोळी ठेवली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. 'थोडक्यात वाचलं' अशी एक पेटी आमच्या हृदयालयात लावली आहे, तिच्यात आजवर तीनशेच्या वर चिठ्ठ्या आल्यात, आणि त्यावरून डॉक्टर अजून नवे नियम करतायत. मागच्या आठवड्यात सीमेपलीकडच्या एका कन्नड दवाखान्यातून आईला पत्र आलं. त्यांच्याकडे पावला कालु म्हणतात आणि पाऊणला मुक्कालु. पहिलं अक्षर ऐकू आलं नाही की मुक्कालुचं कालु होतं, आमच्या बरोबर उलट. म्हणजे मी वर लिहिलंय ना, की हे फक्त मराठीतच होऊ शकतं, ते साफ चुकलं. मी ते मुद्दाम खोडलेलं नाही, तसंच ठेवलंय. त्यांनी विचारलंय की तुम्ही येऊन आमच्या सिस्टरना परतबोल शिकवाल का? आई उद्या सकाळच्या बसने निघतेय. तिला कन्नड फारसं येत नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक शब्द ती दोनदा विचारणार आहे.